सकाळी मकतब, मग मराठी शाळा : धर्मशिक्षणाला गावच्या मातीची जोड कशी देता येते?

अहिल्यानगर : जिल्ह्यातल्या अनेक गावांत मुस्लिम समाजाची मुलं दिवसातून दोन ठिकाणी शिकतात. सकाळी फजरच्या नमाजनंतर किंवा संध्याकाळी मशिदीतल्या मकतबमध्ये, आणि दिवसा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. मकतबमध्ये अरबी अक्षरं, कलमा, नमाज, दुआ. शाळेत ज्ञानेश्वर, तुकाराम, शिवराय, शाहू-फुले-आंबेडकर. घरी दखनी, बाजारात आणि बांधावर मराठी. मुलगा एकच, पण त्याच्या या दोन शिकवण्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

त्यामुळे होतं काय? मुलाला कुरआन वाचता येतो, पण शेजारच्या बाकावरच्या मित्रानं "तुमच्यात रोजा कशासाठी धरतात रे?" असं विचारलं, तर मराठीत नीट सांगता येत नाही. त्या मित्रालाही मशिदीत काय शिकवतात याची काहीच कल्पना नसते. मग दोघांना एकमेकांची माहिती मिळते ती मोबाईलवर आलेल्या फॉरवर्डमधून. आणि ती माहिती कशी असते, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

धर्माचं शिक्षण आणि इथली संस्कृती यांची सांगड घालता येते का, कायदा काय म्हणतो, धर्म काय म्हणतो आणि आपल्याच जिल्ह्यात याची उदाहरणं कोणती आहेत, ते समजून घेऊ.

मकतब आणि मदरसा यात फरक काय?

बोलताना लोक दोन्हीला मदरसाच म्हणतात, पण दोन्ही वेगळे. मकतब म्हणजे रोज तासा-दोन तासांची शिकवणी. मूल शाळेत जातंच, शिवाय इथं येतं. अक्षरओळख, कुरआन पाहून वाचणं म्हणजे नाजरा, नमाजची पद्धत आणि वागण्या-बोलण्याचे नियम इथं शिकवले जातात.

मदरसा हा पूर्णवेळ असतो, बऱ्याचदा निवासी. तिथं कुरआन पाठ करणारे हाफिज तयार होतात. पुढे काही वर्षांचा आलिमचा अभ्यासक्रम असतो. त्यात अरबी व्याकरण, हदीस, फिकह म्हणजे धार्मिक कायदा असे विषय येतात. शिकवण्याची भाषा प्रामुख्याने उर्दू.

गावातली मोठी संख्या मकतबवाल्या मुलांची आहे. म्हणून बदल करायचा तर तो मकतबमध्ये करणं सगळ्यात सोपं, कारण तिथं ना नवी इमारत लागते, ना मोठा निधी.

श्रीगोंद्याचे शेख महंमद : चारशे वर्षांपूर्वीचा धडा

इस्लामची शिकवण आणि मराठी माती यांची जोड म्हणजे काय, हे पाहायला लांब जायची गरज नाही. श्रीगोंद्यात शेख महंमद महाराजांची समाधी आहे. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्या शतकाचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ. घर मुस्लिम, मार्ग सूफी आणि लेखन मराठीत, तेही ओवी-अभंगांत. 'योगसंग्राम' हा त्यांचा १८ प्रसंगांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' हेही त्यांचेच. माणसाच्या मनातल्या काम, क्रोध, लोभ या शत्रूंशी चाललेली लढाई त्यांनी युद्धाच्या रूपकातून सांगितली. ढोंगी गुरू आणि ढोंगी फकीर, दोघांचाही त्यांनी समाचार घेतला.

त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते, की हेच चांद बोधले दौलताबादच्या जनार्दनस्वामींचेही गुरू आणि जनार्दनस्वामी हे पैठणच्या संत एकनाथांचे गुरू. म्हणजे एकनाथ आणि शेख महंमद यांची गुरुपरंपरा मागे जाऊन एकाच ठिकाणी मिळते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले शेख महंमदांना मानत आणि त्यांनीच त्यांना श्रीगोंद्यात आणलं, असंही परंपरा सांगते. पुढे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी त्यांची कविता संपादित करून छापली.

शेख महंमद हे एकटेच नव्हते. हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली. शाह मुंतोजी बहामनी यांनी 'मृत्युंजय' या नावानं मराठीत ग्रंथरचना केली. मराठी ही मुस्लिमांची 'बाहेरची' भाषा आहे, असं कुणी म्हणत असेल तर या तीन नावांपुढे ते टिकत नाही.

पण आज अवस्था काय आहे? श्रीगोंदा तालुक्यातल्या किती मकतबमध्ये शेख महंमदांचं नाव घेतलं जातं आणि किती मराठी शाळांत त्यांच्यावर एखादा तास होतो, हे पालकांनी आपापल्या गावात विचारून पाहावं. त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, नोंद कुणाच्या नावानं, यावरून अलीकडे वाद झाले, आंदोलनं झाली. वाद सगळ्यांना माहीत झाला, ग्रंथ मात्र फार थोड्यांनी उघडला. वारसा शिकवला गेला नाही की तो फक्त मालकीचा प्रश्न उरतो.

किल्ल्यातले मौलाना

दुसरं उदाहरण नगरच्या भुईकोट किल्ल्यातलं. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात काँग्रेसच्या नेत्यांना अटक करून या किल्ल्यात ठेवलं. पंडित नेहरूंनी इथंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझादही होते. त्यांनी इथं लिहिलेली पत्रं 'गुबार-ए-खातिर' या नावानं उर्दू साहित्यात अजरामर झाली.

आझाद हे इस्लामचे मोठे अभ्यासक, कुरआनचे भाष्यकार. धर्माचं मूळ एकच, आचाराचे मार्ग मात्र काळानुसार आणि समाजानुसार वेगळे, अशी त्यांची मांडणी होती. १९४० साली रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी अध्यक्षपदावरून सांगितलं, की आपण मुसलमान असल्याचा आपल्याला अभिमान आहे आणि हिंदी राष्ट्राचा अविभाज्य भाग असल्याचाही. दोन्ही अभिमान एकाच छातीत मावतात, हा त्याचा अर्थ. हेच आझाद पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. नगर जिल्ह्यातल्या मकतब आणि शाळा, दोन्हींनी मिळून हा दिवस करायला याहून मोठं निमित्त कोणतं हवं?

धर्मात याला जागा आहे का?

हा प्रश्न मुस्लिम पालकांच्या मनात येतोच. मुलाचं ईमान पक्कं राहील ना, ही काळजी खोटी नाही. उत्तरही धर्माच्या चौकटीतच शोधायला हवं.

एक, कुरआनच्या 'इब्राहीम' या सूरहमध्ये सांगितलं आहे, की प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्याच भाषेत संदेश घेऊन आला, म्हणजे लोकांना तो स्पष्ट कळावा. नमाज अरबीतच होणार, त्यात बदल नाही. पण अर्थ मराठीत सांगायला आडकाठी कुठे आहे? कुरआनचे मराठी अनुवाद छापलेले मिळतात. आचार्य विनोबा भावे यांनी तर अरबी शिकून कुरआनमधल्या निवडक आयतींचं सार तयार केलं. साने गुरुजींनीही इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं.

दोन, 'हुजुरात' या सूरहमध्ये माणसांचे वेगवेगळे समाज आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असा आशय आहे. वेगळेपण भांडणासाठी दिलेलं नाही, ओळखीसाठी दिलेलं आहे. शेजाऱ्याचा हक्क हा हदीसमधला मोठा विषय आहेच, आणि शेजारी म्हणजे फक्त आपल्या धर्माचा असं त्यात नाही.

तीन, इस्लामी कायद्यात 'उर्फ' ही संकल्पना आहे. उर्फ म्हणजे स्थानिक रूढी. धर्माच्या मूळ आज्ञेला छेद जात नसेल, तर त्या भागातली चालरीत मान्य धरावी, असं जुने फकीहही सांगतात. पोशाख, जेवण, भाषा, लग्नातलं गाणं, शेतीचे रिवाज हे यात येतं. म्हणूनच नगरचा मुसलमान भाकरी-ठेचा खातो, केरळचा पुट्टू खातो आणि दोघंही तितकेच मुसलमान असतात.

कायदा काय सांगतो?

इथं गावात बरेच गैरसमज असतात. मुद्दे असे :

• घटनेचं कलम २५ प्रत्येकाला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येतात.

• कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे झेडपीच्या शाळेत नमाजही शिकवता येणार नाही आणि पूजाविधीही नाही. पण सर्व धर्मांची 'माहिती' देणं वेगळं. मूल्यशिक्षणाचा भाग म्हणून धर्मांविषयी शिकवायला घटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं.

• शिक्षण हक्क कायदा मदरसे आणि वेदपाठशाळा यांना लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं तसं स्पष्ट केलं. पण २०१५ मध्ये राज्य सरकारनं भूमिका घेतली, की गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशातली मुलं शाळाबाह्य धरली जातील. त्यामुळे मुलाला फक्त धार्मिक शिक्षणावर ठेवलं तर पुढे दहावी, आयटीआय, पोलीस भरती, सगळ्याच वाटा अवघड होतात.

• उत्तर प्रदेशातला मदरसा कायदा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये वैध ठरवला, मात्र उच्च शिक्षणाच्या पदव्या देण्याचा भाग रद्द केला. मदरशातल्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य सरकार नियम करू शकतं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

शासनाची योजना आहे, माहिती घ्या

महाराष्ट्रात २०१३ पासून 'डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना' आहे. यात धार्मिक शिक्षणासाठी पैसे मिळत नाहीत. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांचं मानधन, ग्रंथालय आणि पायाभूत सोयींसाठी अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मानधन वाढवलं. डी.एड. शिक्षकांचं ६ हजारांवरून १६ हजार आणि पदवीसह बी.एड. असलेल्यांचं ८ हजारांवरून १८ हजार रुपये झालं. मदरसा नोंदणीकृत असावा लागतो. योजना अल्पसंख्याक विकास विभागाची आहे, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

ज्यांच्या नावानं ही योजना आहे, त्यांचंही महाराष्ट्राशी नातं आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली. तिथून जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. मुलाला त्याच्या मातृभाषेतून आणि त्याच्या भागातल्या हस्तव्यवसायातून शिकवा, हा त्या 'नई तालीम'चा गाभा. तेच डॉ. हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. योजनेतला मराठीचा तास म्हणजे त्याच विचाराचं पुढचं पाऊल म्हणता येईल.

इतर ठिकाणी कसं चाललंय?

केरळ : इथं धार्मिक शिक्षण शाळेच्या वेळेबाहेर दिलं जातं. 'समस्त' या संस्थेचं शिक्षण मंडळ १९५१ पासून हजारो मदरशांचा अभ्यासक्रम, पुस्तकं आणि परीक्षा पाहतं. मुलं शाळा चुकवत नाहीत. त्रिशूरच्या एका इस्लामी संस्थेत तर विद्यार्थ्यांना संस्कृत, गीता आणि उपनिषदंही शिकवली जातात. दुसऱ्याचा धर्म त्याच्याच ग्रंथातून समजावा, हा हेतू.

पश्चिम बंगाल : सरकारमान्य हाय मदरशांत नेहमीचे शालेय विषय असतात. तिथं हिंदू विद्यार्थी आणि हिंदू शिक्षकही मोठ्या संख्येनं आहेत.

इंडोनेशिया : जगात मुस्लिम लोकसंख्या सर्वाधिक असलेल्या देशांपैकी हा एक. जावा बेटावरच्या जुन्या धर्मप्रचारकांनी तिथल्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून शिकवण दिली, अशी परंपरा आहे. त्या खेळात आजही रामायण-महाभारतातल्या कथा असतात. तिथली नहदलातुल उलेमा ही मोठी संघटना स्थानिक संस्कृतीशी जुळवून घेणाऱ्या इस्लामचा उघड पुरस्कार करते.

आपल्याकडे गरज का?

कारण आपल्या जिल्ह्यात दोन्ही चित्रं आहेत.

एका बाजूला शिर्डी. साईबाबा मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हटलं. तिथला रामनवमीचा उत्सव मुळात १८९७ साली उरूस म्हणून सुरू झाला. नगर शहरातल्या मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू कुटुंबं पिढ्यान्पिढ्या नवस करत आली. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदारांपैकीच एक होता. २०२२ आणि २०२३, सलग दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचा निर्णय स्वतःहून घेतला. ईदची कुर्बानी पुढच्या दोन दिवसांतही करता येते, ही धर्मातलीच सवलत त्यांनी वापरली. धर्म नीट माहीत असेल तर शेजारधर्म पाळणं किती सोपं जातं, याचं हे उत्तम उदाहरण.

दुसऱ्या बाजूला मे २०२३ मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, दुकानं आणि गाड्यांचं नुकसान झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. त्याच्या वैधतेवर प्रशासनानं बोट ठेवलं, पण चर्चा राज्यभर झाली. यात्रेत बांगड्या, खेळणी, रेवड्या विकणाऱ्याचं वर्षाचं गणित अशा चार दिवसांवर असतं. तणाव झाला की पहिला फटका हातावर पोट असलेल्यालाच बसतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आक्षेप काय आहेत?

दोन्हीकडून आहेत. काही उलेमांना वाटतं, की स्थानिक संस्कृतीच्या नावाखाली दर्ग्यावरचे नवस किंवा मूर्तिपूजा मुलांच्या डोक्यात जाईल. त्यावर उत्तर असं, की माहिती घेणं आणि आचरण करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानेश्वरांनी नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, हे कळल्यानं कुणाचा धर्म बदलत नाही. शेख महंमदांकडे पूजेचा विषय म्हणून न पाहता मराठी लेखक म्हणून पाहता येतं.

दुसरीकडे काही हिंदू पालकांना वाटतं, की शाळेत इस्लामची माहिती देणं म्हणजे प्रचार. तिथंही तोच नियम. ईद कशाची, मोहरम का पाळतात, एवढं सांगणं म्हणजे प्रचार नव्हे. आणि सगळं ओझं मुस्लिम मुलांवरच टाकून चालणार नाही. त्यानं तुकाराम वाचायचा आणि दुसऱ्यानं शेख महंमद वाचायचाच नाही, हा एकतर्फी व्यवहार टिकत नाही.

गावात काय करता येईल?

१. मकतबमध्ये रोज दहा मिनिटं मराठी. आज पाठ केलेल्या सूरह किंवा दुआचा अर्थ मुलांनी मराठीत सांगायचा, वहीत लिहायचा. शाळेतली मराठीही सुधारेल.

२. आठवड्याला एक गोष्ट. शेख महंमद, चांद बोधले, मौलाना आझाद, सावित्रीबाईंच्या सोबतीच्या फातिमा शेख, चांदबिबी. गोष्ट इथल्या माणसांची आणि ओळखीच्या ठिकाणांची.

३. एकत्र सहल. मकतब आणि झेडपी शाळेची मुलं एकाच गाडीत. सकाळी नेवाशाचा पैस खांब किंवा श्रीगोंद्याची समाधी, दुपारी नगरचा किल्ला किंवा फराहबाग.

४. शाळा व्यवस्थापन समितीत बोला. समितीत मुस्लिम पालक, विशेषतः आई असेल तर सणांच्या सुट्या, पोषण आहार, परीक्षा आणि रोजे असे विषय वाद न होता सुटतात.

५. इमाम आणि मुख्याध्यापकांची महिन्यातून एक भेट. मुलगा मकतबमुळे शाळेत झोपतो का, शाळेमुळे मकतब बुडतं का, एवढं जरी बोललं तरी वेळापत्रक जुळतं.

६. फॉरवर्ड तपासा. धर्माविषयी काही भडक आलं, तर पुढे पाठवण्याआधी त्या धर्माच्या ओळखीच्या माणसाला विचारा. गावात तो चार घरं सोडूनच राहतो.

यातल्या कशालाच शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मशिदीतली सतरंजी, शाळेतला फळा आणि गावची मराठी, तिन्ही गोष्टी आहेतच. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधीच्या ग्रामसभेत किंवा पालक सभेत हा विषय कुणी तरी मांडायला हवा.